मनगटानं दिलेली साइड

वाल्मीक आहेरला त्या हिवाळ्यात काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. काय गेलं ते आपोआप पुढे येईलच.

मिळणार होतं एक छत आणि त्याखाली तीन माणसं: तो, बायको वैजयंता आणि मुलगी तेजल. ऐकायला फार वाटत नाही. पण टँकर ड्रायव्हरच्या घरात ही चैन असते. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि त्यातला बहुतेक काळ वाल्मीक मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून तेल भरून कुठे ना कुठे निघालेला असे. तेजलनं पहिलीत 'माझे बाबा' म्हणून ट्रकचं चित्र काढलं होतं. आत माणूस काढायचा राहून गेला होता. बाईंनी पूर्ण गुण दिले.

पुढे गाड्या विजेवर गेल्या, पाइपलाइनी वाढल्या, डेपोसमोरच्या टँकरच्या रांगा आखडल्या आणि पानेवाडीचे ड्रायव्हर 'तिकडे' जायला लागले. तिकडे म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठच्या एका छोट्या देशात. देशाला नाव होतं, पण ते मनमाडात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. बायकासुद्धा 'हे तिकडे असतात' एवढंच सांगत आणि ऐकणाऱ्याला ते पुरत असे.

तिकडे ड्रायव्हर का लागत होते, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. विनाचालक ट्रक तोवर चांगले रुळले होते. सरळ रस्ता, पांढरे पट्टे, स्वच्छ हवा असली की यंत्र माणसापेक्षा बरं चालवतं, यात वाद नाही. पण यंत्र रस्ता ओळखतं ते पट्ट्यांवरून, कडेच्या खांबांवरून आणि स्वतः सोडलेल्या लेझर किरणांच्या परतीवरून. बर्फ पडू लागला की पट्टे गडप होतात, आणि किरण हवेतल्या एकेका कणावर आपटून परत येतात. यंत्राला वाटतं समोर भिंतच उभी आहे. ते थांबतं. सगळा हिवाळा देश थांबवून कसं चालेल? तिथले जुने ड्रायव्हर निवृत्त झालेले, तरुणांना ते काम नको. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जगात असेही लोक आहेत ज्यांनी शिकाऊ वयात पट्टे असलेला रस्ता पाहिलेलाच नाही. समोरच्याच्या चाकाकडे, मागच्याच्या घाईकडे आणि कडेच्या बाभळीकडे बघून ते गाडी काढतात. पानेवाडीच्या माणसाला बर्फ नवा होता. पट्टे नसणं नवं नव्हतं.

परका माणूस कामावर ठेवायचा तर नियम असतात, आणि असावेतही. तिथला नियम सरळ होता. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कंपनीनं जागा रोजगार कार्यालयात जाहीर करायची आणि ठरलेली मुदत स्थानिक माणसाची वाट पाहायची. लायक स्थानिक आला तर जागा त्याची. नाही आला, तरच परक्याचा परवाना वर्षभरानं वाढणार. असे चार परवाने लागोपाठ मिळाले, की त्याला कायमचं राहता येणार आणि बायकोमुलं नेता येणार. आपल्या माणसाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून केलेला नियम. त्याला नावं ठेवायला जागा नाही.

वाल्मीकचे तीन परवाने झाले होते.

चौथ्याची तयारी मनमाडात त्याच्यापेक्षा जोरात चालली होती. कुटुंबाला तिकडची भाषा थोडीफार यावी लागे, म्हणून वैजयंता आपली पिठाची गिरणी जावेच्या हवाली करून शिकवणीला जाऊ लागली. सोबतीला अन्सार तांबोळीची बायको झुबेदा. अन्सार वाल्मीकच्याच डेपोतला, त्याच्या मागोमाग वर्षभरानं तिकडे गेलेला. त्यामुळे झुबेदाला घाई नव्हती, पण तिला भाषा पटापट येत होती, आणि वैजयंताला घाई असून येत नव्हती. फोनवर वैजयंता नवऱ्याला म्हणून दाखवी, "मला तुमच्या देशात यायला आनंद होतो." वाल्मीक म्हणे, गिरणीचे दगड टाकवायला आलेत वाटतं, आवाज तसाच खरखरीत येतोय. मागून झुबेदा उच्चार दुरुस्त करी आणि तिघंही हसत.

आता साइड देणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतं.

आपल्याकडे घाटात पुढे भरलेला टँकर असतो आणि मागे घाईची गाडी. मागच्याला टँकरपलीकडचं काही दिसत नाही. टँकरवाल्याला दिसतं. तो समोर नजर टाकतो, रस्ता मोकळा असला की किंचित कडेला सरकतो आणि इंडिकेटर दोनदा लुकलुकवून विझवतो. म्हणजे, ये बाबा, माझ्या डोळ्यांनी ये. मागचा निघून जातो आणि जाताना हॉर्नची एक बारीक टिचकी मारतो. हे कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नाही. अनोळखी माणसाच्या नजरेवर जीव टाकायचा, ही एवढी मोठी उधारी, पण चांदवडजवळच्या राहुडच्या घाटात ती रात्रंदिवस बिनबोभाट चालते.

तिकडे इंडिकेटरचा अर्थ एकच, मी वळणार. पण अन्सार आला त्या हिवाळ्यात जंगलातल्या रिकाम्या रस्त्यांवर हे दोघं एकमेकांना साइड देऊ लागले. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून हात आरशातल्यासारखा उलटा झाला एवढंच. उजवीकडे सरकायचं, डावा दिवा लुकलुकवायचा. एकदा मधे सापडलेल्या स्थानिक बाईनं तक्रार केली, की हा ट्रक वळतो म्हणतो आणि वळत नाही. कंपनीनं दोघांना बोलावून ताकीद दिली. वाल्मीकनं त्या दिवसापासून सोडलं, कारण त्याला परवाने मोजायचे होते. अन्सारनं अधूनमधून चालू ठेवलं आणि वाल्मीकला चिडवू लागला: "आहेरशेठ, गोरे झालात. आता साइड द्यायलाही अर्ज करायचा का तुमच्याकडे?"

सोडलं, म्हणजे हातानं सोडलं. मनगटानं नाही.

हे मनगट कुणाला दिसलं असतं? पण कंपनीनं पहिल्याच वर्षी ड्रायव्हरांच्या दोन्ही हातांवर कोपराखाली एकेक पट्टा बांधला होता. थकवा मोजायला, असं सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हात हलण्याच्या आधी मेंदूकडून स्नायूला विजेचा एक बारीक निरोप येतो. पट्टा तो निरोप टिपे. डोळे कुठे वळले ते केबिनमधला कॅमेरा टिपे. रस्ता कसा होता ते ट्रकचे कॅमेरे टिपत. हे सगळं तीन हिवाळे एकत्र ठेवलं, की अमुक दिसल्यावर या माणसाच्या मनात काय येतं, ते यंत्राला कळू लागतं. त्याला बर्फ समजावा लागत नाही. बर्फात वाल्मीक काय करील, एवढं कळलं की पुरतं. ड्रायव्हर त्याला जोडीदार म्हणत. लांब पल्ल्याच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर असतो ना, तसा.

एक गोष्ट मात्र पट्टा बनवणाऱ्यांच्याही ध्यानात आली नव्हती. निरोप आला आणि माणसानं तो दाबला, तर हात हलत नाही. पण निरोप आलेला असतो, आणि पट्टा तो टिपतोच.

तिसऱ्या परवान्याची मुदत भरत आली तेव्हा वाल्मीकला रोजगार कार्यालयात बोलावणं आलं. तिथल्या निरीक्षक इल्झेबाई, पन्नाशीच्या, कामाला चोख, कोरड्या पण वाईट नाहीत. कानातल्या दुभाषी यंत्रातून त्यांचं बोलणं मराठीत येई, आणि ते यंत्र पुण्याकडचं असल्यामुळे बाई उगाचच शिष्ट वाटत. त्यांनी सांगितलं, की या जागेसाठी एक स्थानिक उमेदवार आला आहे.

वाल्मीकनं विचारलं, कोण? कुठला?

"नोंदणी इथलीच आहे," बाई म्हणाल्या. "इथेच तयार झालेला आहे. गेल्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर असे उमेदवार स्थानिक धरले जातात."

उमेदवाराला नाव नव्हतं, नोंदणी क्रमांक होता. तो वाल्मीकचाच जोडीदार होता. देशात घडवलेलं, देशात नोंदलेलं आणि देशाला कर भरणारं चालक-यंत्र म्हणजे स्थानिक मनुष्यबळ, असं तिथल्या संसदेनं ठरवून टाकलं होतं. आता त्या उमेदवाराची लायकी तपासायची. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या बर्फात, जाताना एकानं आणि येताना दुसऱ्यानं चालवायचं. जोडीदार चालवील तेव्हा वाल्मीकनं केबिनमध्ये निरीक्षक म्हणून बसायचं. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि काही दोष दिसला तर कळवायचा. जोडीदार निर्दोष ठरला तर लायक स्थानिक उपलब्ध. नाही ठरला तर परवाना वाल्मीकचा.

अन्सारनं हे ऐकलं आणि तो पोट धरून हसला. "म्हणजे तुझ्या जागेवर तूच आलास. घरजावई झालास की रे तिकडचा." मग हसू ओसरल्यावर म्हणाला, की परीक्षेच्या दिवशी मी पुढच्या थांब्यावर चहा तयार ठेवतो. पास झालास तर पाजीन, नापास झालास तर दोन पाजीन.

परीक्षेआधी चार-दोन सरावाच्या फेऱ्या झाल्या. वाल्मीक हात मांडीवर ठेवून बसे आणि जोडीदार चालवी. स्वतःचाच हात बाहेरून पाहणं चमत्कारिक होतं. वळणाआधी किंचित लवकर वेग कमी करणं, पुलावर चढताना चाक मोकळं सोडणं, सगळं त्याचंच. मनातून त्याला थोडा अभिमानही वाटला. माणसाची जात अशी आहे, की फासाचा दोर वळलेला चांगला असला तर तेही त्याच्या नजरेत भरतं.

तिसऱ्या फेरीत मागे एक कार आली, घाईत होती. ट्रक किंचित उजवीकडे सरकला, डावा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

वाल्मीकला क्षणभर घरच्यासारखं वाटलं. मग कळलं. कारवाला बिचकला आणि मागे राहिला. त्याला वाटलं, ट्रक वळतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि या वेळी समोर चढ होता. चढापलीकडचं काही दिसत नव्हतं, तरी दिवा लुकलुकला.

त्यानं यावर विचार केला आणि त्याला बरोबर उमगलं. पूर्वी तो साइड देई तेव्हा आधी नजर पुढे जाई, मग मनगट. ताकीद मिळाल्यापासून मागे कुणी घाई केली की मनगट शिवशिवायचं आणि तो ते दाबायचा. साइड द्यायचीच नाही, तर पुढे बघायचं कशाला? नजर जायची बंद झाली, निरोप तेवढा येत राहिला. जोडीदारानं नेमकं हेच उचललं होतं. मागे घाई दिसली की मनगट. डोळे नाहीत.

हे कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर कंपनीनं दुपारभरात दुरुस्त केलं असतं, जोडीदार निर्दोष ठरला असता आणि गिरणी जावेकडून परत घ्यायची वेळ आली असती. नाही कळवलं, तर परीक्षेत अकारण इशारे नोंदले जाणार आणि जोडीदार आपसूक नापास होणार. शिवाय नुकसान कुणाचं? तिकडच्या माणसाला ती साइड कळतच नाही. तो बिचकून मागे राहतो, म्हणजे उलट सुरक्षितच. वाल्मीकनं सगळीकडून हिशेब तपासला. चूक सापडली नाही. हिशेब बरोबरच होता, फक्त त्यात अन्सार धरलेला नव्हता.

अन्सारला तो सांगणारही होता. पण अन्सारच्या पोटात काही राहत नसे. त्यानं जेवणाच्या हॉलमध्ये ते रंगवून सांगितलं असतं आणि संध्याकाळपर्यंत कंपनीला कळलं असतं. परीक्षा झाली की सांगू, मग दोघं हसू, असं वाल्मीकनं ठरवलं.

परीक्षेच्या दिवशी बर्फाची बारीक भुरभुर होती. आधी कुणी चालवायचं, यासाठी इल्झेबाईंनी चिठ्ठी काढली. जोडीदाराचं नाव आलं, म्हणजे क्रमांक आला. सगळ्यांची समजूत होती, की जाताना वाल्मीक चालवणार. अन्सारचीही तीच. तो माल भरायला बाहेर होता, त्याला बदल कळला नाही. परीक्षेत रेडिओ बंद ठेवायचा होता, त्यामुळे कळवायलाही कुणी नव्हतं.

रस्ता जंगलातून जात होता. दोन्हीकडे भूर्जाची झाडं, मधे पांढरं. जोडीदार सुरेख चालवत होता. वाल्मीक मनात म्हणत होता, कुणीतरी मागून ये रे बाबा. जरा घाई कर.

आरशात दिवे दिसले. मोठी गाडी, वेगात. वाल्मीकला बरं वाटलं. गाडी जवळ आली आणि दिवे दोनदा खालीवर झाले. डिपर. तिकडचं कुणी साइड मागायला डिपर मारत नाही.

समोर चढ होता.

ट्रक उजवीकडे सरकला. डावा दिवा लुकलुकला, एकदा, दोनदा, आणि विझला.

वाल्मीकचा हात हॉर्नवर पडला तेव्हा अन्सारचा ट्रक बाहेर आलेला होता. त्याच्या खिडकीशेजारून जाताना हॉर्नची बारीक टिचकी आली. आभाराची. कित्येक महिन्यांनी आहेरशेठनं साइड दिली होती, आणि ती टिचकीसुद्धा खुशीत वाजली होती. चढावरून लाकडं भरलेला ट्रक येत होता. वाल्मीकनं स्टिअरिंग ओढून आपली गाडी चरात घातली, अन्सारला जागा व्हावी म्हणून. जागा झालीही, पण उशिरा. लाकडाच्या ट्रकवाल्याचा पाय मोडला. अन्सार तिथेच गेला. पुढच्या थांब्यावर ठेवायचा चहाचा थर्मास त्याच्या केबिनमध्ये सापडला. तो फुटलेला नव्हता.

चौकशी इल्झेबाईंकडेच आली. त्यांनी मनगटाच्या नोंदी काढल्या, तज्ज्ञ बोलावले आणि कंपनीच्या वकिलाचं ऐकून घेतलं. वकील हुशार होता. तो म्हणाला, की इंडिकेटर म्हणजे ओव्हरटेकचं आमंत्रण असं कुठलाही नियम म्हणत नाही. मृतानं चढावर ओव्हरटेक केलं, ही त्याची स्वतःची चूक. यंत्रात दोष होता हे खरं, पण तो कंपनीला माहीत नव्हता, आणि माहीत नसलेल्या दोषाची भरपाई कायद्यात बसत नाही. राहिला दोष कुठून आला याचा प्रश्न, तर नोंदी सांगतात की तो मूळ चालकाच्या मनगटातून आला आहे. परक्या सवयीतून.

थोडक्यात, कामावर लागताना जोडीदार स्थानिक होता. माणूस मेल्यावर तो परका झाला.

कंपनीच्या मॅनेजरनं वाल्मीकला बाजूला घेऊन चहा पाजला. तो म्हणाला, जोडीदार नापास झाला आहे, तेव्हा तुझा चौथा परवाना झालाच म्हणून समज. स्टिअरिंगला हात लावलास तेही आम्ही धरणार नाही, जीव वाचवायलाच लावलास. उद्या बाई विचारतील, की दोष तुला आधी ठाऊक होता का. नाही म्हण आणि मोकळा हो.

का नाही म्हणायचं, ते त्यानं सांगितलं नाही. ते दुभाषाच्या यंत्राशी बसून वाल्मीकनं स्वतःच शोधून काढलं. कंपनीनं नेमलेल्या निरीक्षकाला दोष ठाऊक असेल, तर तो कंपनीला ठाऊक होता असं कायदा धरतो. मग चूक अन्सारची राहत नाही, आणि झुबेदाला भरपाई द्यावी लागते. आणि ज्या निरीक्षकानं दोष दडवला, त्याला परवाना नाही. चौथा नाही, पाचवा नाही, कधीच नाही.

म्हणजे जे हवं होतं ते हातात आलं होतं. अन्सारनं पुढच्या थांब्यावर चहा ठेवल्यासारखं.

त्यानं वैजयंताला फोन केला आणि सगळं सांगितलं, सरावाच्या फेऱ्यांपासून. ती झुबेदाच्या घरून नुकतीच आली होती. झुबेदा इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने घरातच; तिथे बसून बायकांसाठी चहा ठेवणं, पाहुण्यांना पाणी देणं, हे ती रोज करत होती.

"नका सांगू," ती म्हणाली.

"वैजू, तिला काहीच मिळणार नाही."

"आपण देऊ ना. तिकडे गेल्यावर महिन्याच्या महिन्याला देऊ. जन्मभर देऊ." मग आवाज उतरला. "तेजलनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझं ऐका. गेलेलं माणूस काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी इल्झेबाईंनी विचारलं. वाल्मीकनं सांगितलं, की ठाऊक होतं. दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा चढावर पाहिलं होतं.

बाईंनी कानातलं यंत्र तपासून पाहिलं, मग पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं, भाषांतर चुकलं असेल. परिणाम समजतो आहे ना, असंही विचारलं. वाल्मीक म्हणाला, समजतो. बाईंनी लिहून घेतलं आणि उठताना, नियमात नसताना, त्याच्या खांद्याला हात लावला.

जोडीदारातला दोष एका दुपारी काढला. घाईची गाडी मागे आली की येणारा तो एक निरोप तेवढा गाळून टाकला, बाकी हात तसाच ठेवला. महिनाभरानं तो पुन्हा परीक्षेला बसला आणि निर्दोष ठरला. आता त्या देशातल्या शेकडो ट्रकांवर तो आहे. वळणाआधी किंचित लवकर वेग कमी करतो, पुलावर चाक मोकळं सोडतो. पानेवाडीच्या माणसांची तिकडे गरज उरली नाही. कुणी तक्रार केली नाही, कारण नियम पाळूनच सगळं झालं होतं.

वाल्मीक घरी आला. एक छत, त्याखाली तीन माणसं. ठरलं होतं ते मिळालं, एवढं म्हणता येईल. वैजयंतानं जावेकडून गिरणी परत घेतली आणि भाषेची पुस्तकं रद्दीत दिली नाहीत, कपाटावर टाकली. कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलत होती. एकदा दळण घालता घालता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. माझं ऐकलं असतंत तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. आणि नाही ऐकलंत, म्हणूनही करता येत नाही. काय करू सांगा." गिरणीचा आवाज मोठा होता.

झुबेदाची इद्दत संपल्यावर तो तिच्या दारात गेला. भरपाई आलेली होती, चौकशीचे कागदही आले होते, आणि तिला ती भाषा वाचता येत होती. घरात तीच एकटी, जिला ते कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले नाहीत. तिनं त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. रडली नाही.

"भाऊ, त्यांनी साइड मागितली होती?" तिनं विचारलं.

"मागितली होती. डिपर मारला होता."

"मग तुम्ही दिलीत."

"मी नाही, भाभी. ते..."

झुबेदा म्हणाली, "ते घरी सांगायचे, रस्त्यावर मी फक्त दोघांचंच ऐकतो, अल्लाचं आणि वाल्मीकचं. तुमचा हात दिसला की ते पुढे बघत नव्हते." मग पाण्याचा पेला उचलून ती आत गेली आणि बाहेर आली नाही. तो उठून आला. नंतर बाजारात भेट झाली की ती मान हलवते, तोही हलवतो. वैजयंता आणि ती मात्र अजून एकमेकींकडे जातात. दोघींनी त्या भाषेचा एक शब्दही पुन्हा काढलेला नाही.

आता वाल्मीक चांदवड तालुक्यात पाण्याचा टँकर चालवतो. राहुडचा घाट रोजचा. चढताना मागे गाड्यांची रांग लागते, डिपर मारतात, हॉर्न वाजवतात. समोर रस्ता लांबवर मोकळा दिसत असतो. मनगट शिवशिवतं. तो हात मांडीखाली दाबून धरतो आणि एका हातानं टँकर माथ्यापर्यंत नेतो. लोक शेवटी वैतागून त्याला ओलांडतात आणि खिडकीतून शिवी देऊन जातात, की बापाचा रस्ता आहे का तुझ्या.

कंपनीचं विम्यानं भरलं. देशाला स्थानिक ड्रायव्हर मिळाला. अन्सारनं साइड घेतली, त्याची किंमत त्यानं जागेवर चुकती केली. उरलेलं झुबेदा भरते आहे, आणि या घरात दोघं मिळून भरताहेत, एकमेकांना न विचारता. थोडंसं राहुडच्या घाटात अडकलेल्या लोकांच्याही वाट्याला येतं. ते कशाचं भरताहेत हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून शिव्या देतात. वाल्मीक त्या ऐकून घेतो.